बूट दिसण्याआधी

शनिवारी जेवणं उरकली की शिवणकामाच्या त्या कारखान्यात मशिनांना तेल पाजायचा रिवाज होता. तेल पाजलेल्या मशीनखाली लगेच पांढरं कापड घालायची सोय नाही, डाग पडलाच म्हणून समजा. म्हणून प्रत्येक बाई टोपलीतली एखादी चिंधी उचलायची, तिच्यावर उगाच उभ्याआडव्या टिपा मारत बसायची आणि जास्तीचं तेल त्या चिंधीत उतरू द्यायची. हात गुंतलेले, मन मोकळं. एरवी सुईच्या टोकासारखा टोचून बोलणारा कटिंग मास्तरही त्या वेळात आपल्या कात्रीला धार लावत बसे आणि कुणाच्या वाटेला जात नसे. बायका तिला तेलाची वेळ म्हणत. आणि त्या वेळेवर राज्य होतं काजवालीचं.

तिला आईबापांनी ठेवलेलं नाव होतं, पण कारखान्यात ते फक्त पगाराच्या दिवशी कानावर पडायचं. बाकी बारा महिने ती काजवाली. शाळेचे गणवेष, डॉक्टरांचे कोट, हॉटेलातल्या वाढप्यांची जाकिटं, सगळ्यांची काजं पाडायची ती. हाडापेरानं रुंद बाई, चालणं सावकाश आणि बोलणं त्याहून सावकाश. बोलायला लागायच्या आधी ती दोन्ही बाह्या कोपरापर्यंत सारायची, जणू आता पीठ मळायला बसायचं आहे.

आणि तिचा विषय एकच. पडद्यावरच्या गोष्टी. कोरियन मालिका, चिनी राजवाड्यांतली कारस्थानं, जपानी ॲनिमे आणि ढगांतून सुसाट जाणारे सुपरहिरो. आठवडाभरात जे पाहिलं, त्याचं आपल्याला काय वाटलं, ते ती शनिवारी सांगायची. नुसती गोष्ट सांगायची नाही. ती गोष्टीला समोर उभं करून उलटतपासणी घ्यायची.

"त्या उडणाऱ्या बाप्याचं मला काही पटलेलं नाही," ती म्हणायची. "अंगाला चिकटलेला झगा, ना काज ना बटण. चढवतो कसा, उतरवतो कसा? आणि मध्येच घाई लागली तर?"

"उडता उडताच उरकत असेल गं!" कोपऱ्यातून इस्त्रीवाली मावशी ओरडायची आणि सगळी रांग हसून हसून मशीनवर आडवी व्हायची.

"आणि तो ॲनिमेतला पोरगा. फटका मारायच्या आधी फटक्याचं नाव ओरडून सांगतो. अरे, मारायचं तर मार की! माझी सासू कधी सांगून बोलली होती का मला?"

हसू ओसरलं की ती आवाज खाली आणायची. "पण एक बघा. घर सोडताना त्याची आई त्याला डबा भरून देते. झाकण लावते. लागतं झाकण. तरी ती पुन्हा एकदा वरून दाबते. आता झाकण लागलेलं असताना पुन्हा का दाबलं, ते ज्यांची लेकरं लांब गेलीत त्यांनी मला सांगावं." मग चिंध्यांवरची मशिनं एकेक करून थांबायची. मास्तरची कात्रीही थांबायची.

असं बोलणं कुणी शिकवून येत नाही. पण खरं सांगायचं तर बायका एवढ्यासाठीही थांबत नव्हत्या. त्या थांबत होत्या होऱ्यासाठी.

दर शुक्रवारी संध्याकाळी आपल्या भाषेत बोलणाऱ्या परदेशी मालिकेचा एकेक भाग यायचा आणि अर्धा कारखाना तो पाहायचा. तिकडे त्यांच्या देशात मालिका केव्हाच संपलेली असायची, फोनवर शोधली तर सापडायचीही. पण कारखान्यात कुणी पुढचं बघायचं नाही, असा अलिखित नियम होता. एका नव्या पोरीनं एकदा पुढचं बघून फोडलं, तर मावशीनं तिला ऐन थंडीत आठवडाभर गरम इस्त्रीच्या जवळ उभं राहू दिलं नाही. पुढचं बघायचं नाही, पुढचं ओळखायचं. आणि ओळखावं ते काजवालीनं. शनिवारी बोलणं संपवताना ती एक बोट वर करायची आणि सांगायची, "माझा होरा असा, की ती छत्री त्या वकिलाची नाहीच. ती त्याच्या मेलेल्या बायकोची आहे." पुढच्या शुक्रवारी छत्री उघडायची आणि आतून बाईच्या नावाची पट्टी निघायची. नाहीतर, "त्या म्हाताऱ्याचा डावा हात बघा, तो राजाच आहे." आणि म्हातारा राजाच निघायचा. मास्तर एकदा म्हणाला, "तुला बाई, मालिका लिहिणारे फोन करून विचारत असतील." तो दिवस काजवालीनं मिठाईसारखा पुरवून पुरवून खाल्ला.

तिच्या आयुष्यात फुशारकी मारावी असं दुसरं काय होतं? नवरा नळजोडणीचा कामगार, साधा. मुलं आपापल्या वाटेला. काजाकडे कुणी पाहत नाही, लोक बटणाकडे पाहतात. पण शनिवारी ती बोट वर करायची तेव्हा सगळे तिच्या डोळ्यांकडे पाहायचे. हिला दिसतं, असं म्हणायचे. तेवढ्यावर तिचा आठवडा उभा होता.

घरी ती एकटी बघत नसे. एकाच घरात दोघे भाऊ राहायचे, आणि भावांपेक्षा त्यांच्या बायकांचं जास्त जमायचं. तिची जाऊ, धाकटी, दातांच्या दवाखान्यात बाहेरच्या टेबलावर बसून पेशंटांचे नंबर लावायची. बारीक, हलक्या पावलांची, मोठ्यानं हसताना तोंडावर हात ठेवणारी. शुक्रवारी स्वयंपाक आवरला की दोघी जुन्या सोफ्यावर बसायच्या, चारही पाय एकाच स्टुलावर. पुरुषांना त्या वेळेत चहासुद्धा मिळायचा नाही.

धाकटी फार बोलायची नाही. मध्येच एखादं वेंधळं वाक्य टाकायची. "ताई, ही छत्री नवीन घेतली का गं यानं?" किंवा, "हा म्हातारा डाव्या हातानं जेवतो, नाही?" काजवाली म्हणायची, "गप गं, बघू दे." पण ते वाक्य मनात कुठेतरी रुतायचं आणि तिच्याही नकळत शनिवारपर्यंत त्याचा होरा व्हायचा. आपल्या डोक्यात आलं, असंच तिला वाटायचं. वाटणारच. वेंधळ्या माणसाचं वाक्य कोण लक्षात ठेवतं?

त्या वर्षी ती घड्याळवालीची मालिका चालू होती. पुलाजवळ घड्याळदुरुस्तीचं दुकान चालवणारी एक बहीण. तिचा धाकटा भाऊ बोटीवर गेलेला, बोट बुडालेली, भावाचा पत्ता नाही. मग एक दिवस समुद्रातून वाचलेला एक अनोळखी माणूस तिच्या दारात येतो. अनवाणी. भावाचा मित्र म्हणवतो. ती त्याला ठेवून घेते, जुन्या सपाता देते, दुकानात बसवते. भाऊ जिवंत आहे का, हे त्याला माहीत आहे, पण तो सांगत नाही. सगळा कारखाना त्या एका प्रश्नाला टांगलेला होता. भाऊ आहे की गेला?

काजवालीच्या मनात उत्तर तयार होतं. भाऊ आहे. त्या दुकानात सगळी घड्याळं चालतात, एकच भिंतीवर बंद पडलंय आणि बहीण ते मुद्दाम दुरुस्त करत नाही. भाऊ येऊन करील म्हणून ठेवलंय. अशी गोष्ट रचणारा माणूस त्या घड्याळाला तसंच बंद ठेवून निघून जाणार नाही, असं तिला आतून वाटत होतं. कुणी सुचवलं नव्हतं. धाकटीनं त्या घड्याळाबद्दल कधी चकार शब्द काढला नव्हता.

शेवटून दुसरा भाग लागला. दोघी बसल्या. पडद्यावर तो मित्र दुकानाच्या टेबलामागे बसला होता, कमरेपासून वरचाच दिसत होता, आणि बहीण त्याच्यापुढे गरम वाफाळता वाडगा ठेवत होती.

"त्याचे बूट केवढे मोठे आहेत गं," धाकटी म्हणाली.

काजवालीनं मान वळवली. "कुठले बूट?"

"त्याचे. मोठे वाटतात ना?"

"तो बसलाय टेबलामागं. पाय कुठं दिसतायत?"

धाकटीनं तोंडावर हात नेला. हसायला नव्हे. "मागच्या भागात..."

"मागच्या भागात सपाता होत्या. त्याच्या मागच्या भागातही सपाताच. आला तेव्हा अनवाणी होता."

पडद्यावर तो माणूस उठला. चित्र सावकाश खाली सरकलं, जमिनीपाशी आलं, आणि लाकडी फळ्यांवरून दोन बूट चालत गेले. नवे नव्हते, भिजून वाळलेले, आणि त्या माणसाच्या पायाला खरोखरच मोठे. टाच दर पावलाला उचलली जात होती.

काजवालीनं भाग पुरता चालू दिला. शेवटची नावंसुद्धा वर जाऊ दिली. मग टीव्ही बंद केला आणि स्टुलावरून आपले पाय खाली घेतले.

"किती बघितलीस?"

"सगळी." धाकटीचा आवाज कसाबसा ऐकू येत होता.

"कधी?"

"दवाखान्यात. पेशंट आत गेला की बाहेर बसून काय करायचं ताई? आवाज बंद करून बघते, त्यांच्याच भाषेतली. बोलणं कळत नाही. पण कोण राहिलं, कोण गेलं, तेवढं कळतं."

"आणि ती राजवाड्याची?"

मान हलली.

"दोन बहिणींची?"

पुन्हा हलली.

"मुखवटेवाल्या सुपरहिरोची?"

"ती नाही बघितली पुढं. कंटाळा आला मला."

काजवाली हसली, पण ते हसू ऐकून धाकटी दचकली. मुखवटेवाल्याचा होरा तेवढा चुकला होता. इतक्या वर्षांत तोच एक.

"म्हणजे छत्री तुझी. डावा हात तुझा. तिकडं मी बोट वर करून बसते, आणि ते बोटही तुझंच."

"मी फक्त विचारायची गं. ओळखायचीस तू."

"आंधळ्याला दाराशी नेऊन उभं करायचं आणि म्हणायचं, बघ, दार तुलाच सापडलं. कशाला केलंस? मी मागितलं होतं?"

धाकटी रडायला लागली होती. रडता रडता तिनं जे सांगितलं ते असं. तिच्या नवऱ्याच्या छातीचं ऑपरेशन झालं, त्या दिवशी ती बंद दाराबाहेर बसून होती. आत काय चाललंय ते कुणी सांगेना. त्या दिवसापासून तिला पुढं काय होणार हे माहीत नसलं की श्वास पुरत नाही. मालिकेतसुद्धा. कुणी मरणार असेल तर आधी कळू दे, मग मी बघीन, असं तिचं झालं. "आणि सगळं माहीत असून तुझ्याशेजारी गप्प बसायचं, तेही जड जायचं. सुरुवातीला तोंडातून निसटायचं. मग मुखवटेवाल्याच्या वेळी तू चुकलीस आणि घरात किती दिवस बोलली नाहीस. भाकरी थापावी तसे शब्द थापायचीस. मला वाटलं, एवढ्याशा गोष्टीनं हिला आनंद होतो तर होऊ दे."

"एवढीशी गोष्ट," काजवाली म्हणाली. ती उठून आत गेली.

राग कुणाचा आला होता तिला? जावेची कीव यायला हवी होती, आणि कुठेतरी येतही होती. पण कीव येण्यासाठी माणूस आपल्या जागेवर उभा असावा लागतो. तिची जागाच पायाखालून काढून घेतली होती. हिला दिसतं, म्हणायचे लोक. काय दिसत होतं तिला? शेजारी बसलेलं माणूस आधीच रडून मोकळं झालेलं आहे आणि आता आपल्यासोबत खोटं डोळे पुसतंय, एवढंसुद्धा दिसलं नव्हतं. किती शुक्रवार त्या चार पायांनी एक स्टूल वाटून घेतलं, आणि त्यातले दोन केव्हाच पुढच्या गावाला जाऊन परत आलेले.

शनिवारी तेलाची वेळ झाली. शेवटचा भाग येत्या शुक्रवारी. सगळ्या मशिनांची तोंडं जणू तिच्याकडे वळली होती. मास्तरनं कात्री खाली ठेवली.

"हं, काजवाले, आज लांबण नको," मावशी म्हणाली. "भाऊ आहे का गेला, तेवढं सांग. माझा जीव टांगणीला लागलाय."

काजवालीनं बाह्या वर सारल्या. खरं उत्तर तिच्या हातात होतं. परक्याच्या पायात मोठे बूट, म्हणजे बूट भावाचे, म्हणजे भाऊ गेला. नुसतं उच्चारायचं होतं. पुन्हा एकदा सगळे माना डोलावणार होते, पुन्हा एकदा आठवडा उभा राहणार होता, आणि घरातल्या दोघींशिवाय कुणालाही काही कळणार नव्हतं.

"माझा होरा असा," तिनं बोट वर केलं, "की भाऊ जिवंत आहे."

तिनं घड्याळाचं सांगितलं. आपल्याला आतून जे वाटलं होतं ते जसंच्या तसं, सावकाश, एकही टीप न गाळता. हे चूक आहे हे माहीत असून सांगितलं. चुकायचं तर स्वतःचं चुकू दे, असा तिचा हट्ट होता. बोलता बोलता तिचा स्वर भरून आला, कारण आपण किती सुंदर चुकलो आहोत हे तिला प्रत्येक वाक्यागणिक कळत होतं.

"पण मग बूट?" मागून कुणीतरी विचारलं.

कॉलर लावणारी चष्मेवाली होती ती. नुकतीच कामाला लागलेली, कधी तोंड न उघडणारी. आता सगळ्यांनी पाहिलं तशी गोरीमोरी झाली.

"कुठले बूट गं?" मावशी म्हणाली.

"काल तो मित्र चालत गेला ना. टाच उचलली जात होती. त्याचे नाहीत ते बूट. मला वाटतं... भावाचे असतील. बुडताना त्यानं दिले असतील. म्हणजे मग..." ती थांबली. "मला आपलं वाटलं."

"पुढचं बघितलंस होय गं?" मावशीनं डोळे वटारले.

"नाही हो! माझ्याकडे फोनसुद्धा साधाच आहे."

काजवाली त्या पोरीकडे बघत राहिली. जाड भिंगांमागचे ते दोन डोळे. त्यांना कुणी काही विचारलं नव्हतं, शेजारी बसून कुणी वेंधळं वाक्य टाकलं नव्हतं. बूट आले आणि तिला दिसले. बस्स. इतकं सोपं असतं ते, ज्याला येतं त्याला.

"तुझं बरोबर असेल," काजवाली म्हणाली आणि बाह्या खाली केल्या.

शेवटचा भाग तिनं आपल्या खोलीत, फोनवर, एकटीनं पाहिला. बहिणीनं मित्राचे बूट काढायला लावले, उलटे केले आणि तळाशी आपण स्वतः मारलेला टाका ओळखला. मग ती काहीही न बोलता भिंतीवरचं बंद घड्याळ उतरवून दुरुस्त करायला बसली. हुंदका नाही, किंकाळी नाही. फार चांगलं केलं होतं. काजवालीला ते कळत होतं, पण तिच्या डोळ्यांतून टिपूस आलं नाही. बूट तिला आठवडाभर आधी कळलेले होते. तो धक्का तिच्या वाट्याचा होता आणि तो दुसऱ्या कुणीतरी आधीच उचलून नेला होता.

पुढच्या शनिवारी बायकांनी चष्मेवालीला आपल्या मधोमध बसवलं. मावशीनं तिच्या पाठीवर थाप मारली ती कारखानाभर ऐकू गेली. "आणि तू गं?" तिनं काजवालीला टोमणा मारला, "काजातून बघत होतीस वाटतं ह्या खेपेला!" सगळ्या हसल्या. काजवालीही हसली. सगळं खरं सांगून टाकावं, असं एकदा तिच्या ओठांवर आलं होतं. नाही सांगितलं. ते स्वतःची अब्रू राखायला की जावेची, हे तिचं तिलाही उमगलं नाही.

रविवारी सकाळी धाकटी स्वयंपाकघरात पालेभाजी निवडत बसली होती. त्या दिवसापासून दोघींचं बोलणं मीठ दे, दार लाव, एवढ्यावर आलेलं. काजवाली तिच्यासमोर जाऊन बसली.

"एक विचारू?"

धाकटीनं चटकन मान वर केली. डोळ्यांत आशा लकाकली.

"तू त्या दिवशी बोलली नसतीस, तर मला ते बूट दिसले असते?"

"दिसले असते, ताई," धाकटी म्हणाली. क्षणाचाही विचार न करता म्हणाली. "तुला नाही दिसणार तर कुणाला दिसणार?"

काजवाली तिच्या तोंडाकडे पाहत राहिली. इतकं प्रेमळ तोंड होतं ते, आणि उत्तर किती झटकन आलं होतं. ते खरं असू शकत होतं. पण आता ते तपासायला तिच्याकडे काहीच उरलं नव्हतं, आणि सांगणारी ही होती. एवढ्या मायेनं हिनं याआधी काय काय सांगितलं होतं, ते तिला एकेक आठवत गेलं. मग तिनं भाजीची अर्धी जुडी आपल्या पुढ्यात ओढून घेतली आणि पानं खुडायला लागली.

"कोणती लागणार आहे गं आता नवीन?" बऱ्याच वेळानं धाकटीनं दबकत विचारलं.

"माहीत नाही," काजवाली म्हणाली. "आणि तुला कळली, तरी मला सांगू नकोस."